म्युझिक थेरपीची थिअरी येते, पण पेशंटसमोर बसल्यावर ती वापरायची कशी?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात तुमचं प्रॅक्टिकल सुरू होतंय आणि कुठल्या आजाराला कुठला राग हे अजून पाठ नाही. ते करूच नका. असल्या तक्त्यांमागे भक्कम पुरावा नाही. मी इथे लकवा झालेल्या पेशंटबरोबर काम करते, तिथलंच सांगते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक आजी. घरची भाषा तेलुगू, अर्धं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. उजवी बाजू लुळी. बोललेलं कळतं, पण शब्द फुटत नाही. भजन लागलं की मात्र ओळच्या ओळ म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाल्यावर बोलणं जाऊ शकतं, पण गाणं बऱ्याचदा उरतं, हे तुम्ही वाचलंच असेल. त्यावरच १९७३ साली अमेरिकेत मेलोडिक इंटोनेशन थेरपी, म्हणजे चालीतून बोलण्याकडे नेणारी पद्धत, मांडली गेली. आमची शिकाऊ मुलगी मग रोज भजनच म्हणवून घ्यायची. आजी खूश, घरचेही खूश. पण भजन म्हणून पाणी कसं मागणार?

मेलोडिक इंटोनेशनमध्ये रोजच्या गरजेचं वाक्य घेतात. आम्ही 'नीळ्ळु कावाली' घेतलं, म्हणजे पाणी हवंय. सूर दोनच, जोर येतो त्या अक्षराला वरचा. आजींचा डावा हात धरून प्रत्येक अक्षराला एक थाप. आधी नुसतं गुणगुणायचं, मग सोबत म्हणायचं, मग आपण मधेच गप्प व्हायचं, शेवटी चाल सोडून साधं बोलणं. स्पीच थेरपिस्ट शेजारी हव्यातच. हेच वाक्य मराठीत घेतलं असतं तर सगळं पुस्तकाबरहुकूम होऊनही आजींच्या घरात त्याचा काय उपयोग?

पार्किन्सनच्या पेशंटला चालवतानाही तेच. आधी ठेका लावू नका. मिनिटाला पावलं किती पडतात ते मोजा, तेवढ्याच लयीत आठ मात्रांचा केरवा ताल धरा, जमलं तर पाच-दहा टक्क्यांनी वाढवा. रूपक नको, पाय दोन आणि मात्रा सात!

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे काय घडलं, उजवीकडे आपण ते का केलं. 'छान वाटलं' लिहायला बंदी. 'आम्ही थांबल्यावरही दोन अक्षरं स्वतः म्हणाल्या', असं लिहा. उजवा रकाना कोरा राहिला की तोच प्रश्न सुपरव्हायजरना विचारायचा.

आणि प्रॅक्टिकलची जागा ठरवण्याआधी ही वही कोण वाचणार ते विचारून घ्या. कुणीच वाचणार नसेल तर दुसरीकडे बघा, मग ते हॉस्पिटल कितीही मोठं असो.