सीसीटीव्ही कॅमेऱ्याला कोएक्सिअलऐवजी कॅट-६ वायर चालेल का?

चालेल, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तर मी तीच सुचवेन. कॅट-६ या नेटवर्कच्या वायरीत तारांच्या पिळलेल्या जोड्या असतात. मोटारींचा विद्युत गोंगाट, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारा अडथळा, अशा जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो. बॅलन, म्हणजे कॅमेऱ्याचा सिग्नल या जोडीशी जुळवणारा छोटा जोड, त्या दोहोंतला फरक तेवढा पुढे देतो, म्हणून गोंगाट कटतो. ॲनालॉग एचडी कॅमेरा असेल तर वायरच्या दोन्ही टोकांना व्हिडिओ बॅलन लावा. जोडी मात्र एकाच पिळातली घ्या, निळी आणि पांढरी-निळी. निळीसोबत नारिंगी जोडली की पिळाचा उपयोगच संपतो. ही चूक फार बघायला मिळते. वायर शुद्ध तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची कृपा करून घेऊ नका. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर कॅमेऱ्याजवळच बसवा. आयपी कॅमेऱ्याला (नेटवर्कवर चालणाऱ्या) बॅलन लागत नाही, पण १०० मीटरच्या आत राहा.