तुझ्या फोनमधली नावं

कराड,
रविवार, रात्र

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू दुकानात आलीस तेव्हा काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. "काका, वीस हजारांत कुठला फोन घेऊ?" हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा तू पायरी उतरता उतरता विचारलास, "आणि ते घरबसल्या कामाचं, जॉइन होऊ का?" घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच. तुला फोन त्या कामासाठीच हवाय. पैसे भरून कंपनीत शिरायचं, पावडरीचे डबे विकायचे आणि आपल्या खाली माणसं जोडत जायची, असं ते काम. जुन्या फोनवर मीटिंग अडकते, व्हिडिओ नीट निघत नाही, म्हणून तुला जोडू बघणाऱ्या तुझ्या कॉलेजच्या त्या मॅडमनी सांगितलंय की चांगला फोन हप्त्यानं घे, दोन-तीन महिन्यांत कमिशनमधूनच हप्ते फिटतील.

म्हणून हे पत्र. दुकानातलं बोलणं गर्दीत विरून जातं, लिहिलेलं रात्री परत वाचता येतं.

आधी माझं सांगतो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. २००९ साली मी अशाच एका साखळीत होतो. दुकान काढून तीन वर्षं झाली होती, थोरली शाळेत जायला लागली होती आणि पैसा पुरत नव्हता. साडेसात हजार भरले. बदल्यात सुटाचं कापड आणि सवलतीची कुपनं मिळाली. आपल्या खाली एक माणूस डावीकडं जोडायचा, एक उजवीकडं, जोडी जुळली की चेक. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही दिली आणि शंभर नावं लिहायला सांगितली. कोण येईल, कोण येणार नाही याचा विचार करू नका, नुसती लिहीत जा. मी लिहीत गेलो. खरं सांगतो, लिहिताना फार बरं वाटलं. आपल्याला एवढी माणसं आहेत हे आयुष्यात पहिल्यांदा कागदावर दिसलं.

पहिलं नाव आमच्या दाजींचं होतं. त्यांनी उसाच्या पहिल्या उचलीतून पैसे काढून दिले. कंपनी कुठली, वस्तू काय, काही विचारलं नाही. मी सांगतोय एवढंच त्यांना पुरलं. दुसरा माझा शाळेतला मित्र. मला एकूण दोन चेक आले, दोन्ही मिळून २,४०० रुपये. आठव्या महिन्यात ऑफिसला कुलूप लागलं. दाजी एका शब्दानं बोलले नाहीत. त्या भाऊबीजेला मात्र ताई एकटी आली, आणि पुढची तीन वर्षं एकटीच येत राहिली. मी दाजींचे पैसे थोडे थोडे करून फेडले. मित्राचे द्यायला गेलो तेव्हा त्यानं ते घेतले नाहीत आणि आत ये असंही म्हटलं नाही. तो आजही कराडातच असतो. समोर आला की दुसऱ्या बाजूनं जातो.

आता वहीची गरज उरलेली नाही. नावं तुझ्या फोनमध्ये तयारच आहेत. मावशा, कॉलेजच्या मैत्रिणी, आईकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका, गावाकडची चुलत भावंडं. तुला रोज दहा जणांना मेसेज टाकायला सांगतील, स्टेटस ठेवायला सांगतील, लिस्ट संपली की "लिस्ट वाढव" म्हणतील. तुझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची ती यादी आहे. एवढ्या वर्षांत तू आणि तुझ्या आईनं मिळून जे कमावलं, ते तिच्यात आहे. ती एकदा वापरली की परत भरत नाही. बाकीचं सगळं मी याच्याभोवती लिहितोय.

मॅडमनी तुला प्लॅन दाखवला तेव्हा खाली पाच, त्यांच्या खाली पंचवीस, असा झाडाचा फोटो दाखवला असेल. तू बी.कॉम.ची पोरगी आहेस, स्वतः कॅल्क्युलेटर घे. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस असं करत नवव्या पायरीवर १९,५३,१२५ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती, त्यात पाळण्यातली पोरंही आली. दहाव्या पायरीला जिल्हा तिनदा संपतो. बाराव्या पायरीला चोवीस कोटी माणसं हवीत आणि त्याच जनगणनेत सगळा महाराष्ट्र होता ११.२४ कोटी. याहून महत्त्वाचा हिशोब वेगळाच आहे आणि तो कुठल्याच बैठकीत दाखवत नाहीत. असं पाचापाचाचं झाड कुठल्याही पायरीवर थांबव, जवळजवळ दर १०० माणसांत ८० जण सगळ्यात खालच्या ओळीत असतात. त्यांच्या खाली कुणीच नसतं. ते आळशी असतात म्हणून नव्हे. झाडाचा आकारच तसा आहे. तू कितीही राबलीस तरी तू आणलेल्या माणसांतली बहुतेक त्या ऐंशीत जाणार. दाजी त्यांतलेच होते.

ही साखळी नवी नाही, फक्त कपडे बदलते. माझ्या वेळी सुटाचं कापड होतं. २०११ साली स्पीक एशिया नावाची कंपनी गाजली, ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या ऑनलाइन सर्वे भरून कमवा असं सांगणारी. माणसं जोडली की वेगळे पैसे. पुढं मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं तपास केला. तेव्हाही लोक म्हणत होते की हे इंटरनेटवरचं आहे, जुन्यासारखं नाही. आज तुला "डिजिटल" हा शब्द ऐकवतात.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. फक्त माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्याकडं १९७८ पासून बंदी आहे. घरोघरी, ओळखीपाळखीतून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळे नियम केले. त्यांत पिरॅमिड योजना चालवायला साफ मनाई आहे. कंपनीचं भारतात प्रत्यक्ष ऑफिस हवं, विक्रेत्याशी लेखी करार हवा, आणि विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय, आधी वेळ न ठरवता कुणाच्या दारात जायचं नाही. त्या मॅडमकडं कराराचा कागद माग. सही करायच्या आधी घरी आण, आपण दोघं मिळून वाचू. कागद मिळाला नाही, किंवा "तुझा माझ्यावर विश्वास नाही का" असं उत्तर आलं, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं असं समज.

मी सगळ्यांना एका मापानं मोजत नाही. आपल्याच पेठेत एक वहिनी गेली पंधरा वर्षं डबे आणि क्रीम विकतात. त्यांनी कधी कुणाला जोडलं नाही. वस्तू बायकांना आवडते, संपली की बायका आपणहून मागतात, वहिनींना त्यात थोडे पैसे सुटतात. हा व्यापार झाला. तुझ्या कंपनीच्या डब्याकडं त्या नजरेनं बघ. प्लॅन, कमिशन, गाडीचे फोटो सगळं बाजूला ठेव आणि दोन हजारांचा तो पावडरीचा डबा नुसता टेबलावर ठेव. तुझ्या आईची गिऱ्हाइकं, ब्लाऊजच्या शिलाईत पन्नास रुपये कमी करा म्हणणाऱ्या बायका, तो दर महिन्याला विकत घेतील का? घेणार नसतील, तर तो डबा कोण घेणार? जोडली जाणारी माणसं, जोडलं जाण्यासाठी.

आता महिन्याचा हिशोब मांडू. तू सांगितलंस तेच आकडे घेतो. सुरुवातीला भरायचे पॅकेजचे बारा हजार सध्या सोडून दे. आयडी, म्हणजे कंपनीतलं सभासदत्व, चालू ठेवायला दरमहा २,००० ची खरेदी. फोनचा हप्ता साधारण १,७००. पुण्याचं सेमिनार, जाणं-येणं आणि तिकीट धरून महिन्याला ५०० तरी. म्हणजे ४,२०० रुपये घरातून आधी जाणार. मालावर तुला शंभराला वीस रुपये सुटतात असं धरलं, तर नुसती बरोबरी साधायला दर महिन्याला २१,००० चा माल विकायला हवा. खऱ्या गिऱ्हाइकाला, रोख. आणि अपयश आलं की सांगतील, तुझा माइंडसेट कमी पडला, निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा. ही निगेटिव्ह माणसं म्हणजे बहुतेक वेळा तुझे वडील असतात, जे फक्त हिशोब विचारतात. प्रश्न विचारणाऱ्याला तुझ्यापासून तोडायला सांगणाऱ्या माणसावर भरवसा ठेवू नकोस, मग तो धंदा कुठलाही असो.

फोनचं आता सांगतो, कारण फोन तुला हवाच आहे आणि त्यात काही चूक नाही.

मी की-पॅडचे फोन दुरुस्त करत या धंद्यात आलो. मग नोकियाचा ५२३३ आला, दाबून चालणाऱ्या टचचा. त्याला नखानं, काडीनं, कशानंही दाबलं तरी चालायचं. नंतर सगळे फोन बोटाच्या स्पर्शावर गेले. त्या काचेखाली विजेचं बारीक क्षेत्र असतं आणि कातडीतला ओलावा ते हलवतो. म्हणून कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाला टच कधी कधी ओळखत नाही. तुझी आई म्हणते ना, "मला हा फोन ऐकत नाही"? तिच्या बोटांवर सुईचे आणि कात्रीचे घट्टे आहेत. तिला सांग, तिची चूक नाही. सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायची सोय पुष्कळ फोनमध्ये असते, मी करून देईन.

वीस हजारांच्या आतबाहेर आज चांगले फोन मिळतात. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आकड्यावर भाळू नकोस. मी चार गोष्टी बघतो. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको, आणि खोक्यावर "व्हर्च्युअल रॅम", म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली मेमरी, मिळवून फुगवलेला आकडा असतो त्यातली खरी रॅम कितीची ते विचार. कंपनी सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार ते विचार, कारण तुझे बँकेचे व्यवहार त्यावर आहेत. सर्व्हिस सेंटर कराडात आहे का. आणि चौथी गोष्ट कुणीच विचारत नाही: फोन घ्यायच्या आधी त्याचा फोल्डर, म्हणजे टचसकट पूर्ण डिस्प्ले, कितीला पडतो ते विचार. चकचकीत अमोलेड पडद्याचा फोन पडला की फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा एका काचेत जातो. माझ्याकडं लोक येतात, किंमत ऐकतात आणि फोन खिशात घालून तसेच निघून जातात.

दुकानात हातात घेतलास की एखादं आयकॉन दाबून धर आणि पडदाभर, कोपऱ्या-कोपऱ्यांतून हळू फिरव. जिथं ते हातातून सुटेल तिथला टच मेलेला आहे. वापरलेला घेणार असशील तर हे नक्की कर, आणि *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून घे, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर त्यात सिम चालत नाही. चार्जर साधा, बिनखात्रीचा वापरू नकोस. चार्जिंगला लावल्यावर टच आपोआप उड्या मारायला लागला तर पुष्कळदा दोष चार्जरचा असतो आणि लोक उगाच डिस्प्ले बदलतात.

हप्त्याचं एक सांगायचं राहिलं. "नो कॉस्ट" असं लिहिलेलं असेल. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. रोखीनं घेतलास तर दुकानदार जी सूट देतो, ती हप्त्यावर मिळत नाही. ती सूट म्हणजेच व्याज, वर प्रोसेसिंग फी. दोन्ही भाव विचार आणि फरक काढ. हप्ता भरायचाच असेल तर आज हातात येणाऱ्या पैशातून भर. शिकवणीचे तुझे अडीच हजार येतात, त्यात बसतो का बघ. अजून न आलेल्या कमिशनवर एक रुपयाचाही हप्ता बांधू नकोस.

आणि फोन कशासाठी वापरायचा म्हणशील तर तुझ्या घरात एक धंदा चालू आहे. तुझ्या आईच्या हाताला इतकी सफाई आहे की मलकापूरवरून बायका येतात. तिच्या कामाचा आजवर एकही नीट फोटो नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात कॅटलॉग कर, शिलाईचे दर लिही, खिडकीच्या उजेडात ब्लाऊजच्या पाठीचे गळे, बाह्या, लटकन यांचे फोटो काढ, क्यूआर कोड भिंतीवर लाव. उधारीची वही फोनमध्ये घे. त्या यादीतल्या बायकांना मेसेज टाकलास तर त्या वैतागणार नाहीत, कारण त्यांना ब्लाऊज शिवायचाच आहे. गुढीपाडव्याच्या आधी सुरू केलंस तर लग्नसराई हाताशी येईल. शिवाय टॅली येतं तुला. माझ्या दुकानाचा जीएसटीचा हिशोब मी बाहेर देतो, तो महिन्याला तू कर, बाहेरच्या माणसाला देतो तेवढेच पैसे तुला देईन. हे मी उपकार म्हणून म्हणत नाही, मला माणूस हवाय.

त्या मॅडमना लगेच नाही म्हणायला तुला जड जाईल, त्या तुझ्या कॉलेजच्या आहेत. "काकांना विचारून सांगते" म्हण. वाईट मी होतो. कुणी पैसे आधीच घेतले असतील आणि परत देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तू अजून काही भरलेलं नाहीस असं म्हणालीस, ते खरं असू दे. भरलं असशील तरी सांग, मी रागावणार नाही. २००९ साली मी कुणाला सांगितलं नाही, त्यानंच जास्त नुकसान झालं.

तुझा जुना फोन मंगळवारी दुपारी घेऊन ये, तेव्हा गर्दी नसते. त्याची बॅटरी फुगली आहे, ती आधी काढायला हवी, उशीखाली ठेवून झोपू नकोस. त्याचा नवा डिस्प्ले मी आणलाय, मला पडला त्याच किमतीत बसवून देतो. सहा-आठ महिने तो आरामात चालेल. तोवर आईच्या शिलाईतून आणि जीएसटीच्या कामातून जे साठेल ते बघू आणि मग दिवाळीत रोख घेऊ. मी बरोबर येईन.

येताना आईला घेऊन ये. टचची सेटिंग तिच्या बोटांवर करायची आहे.

तुझा,
काका