तुझ्या गोष्टीतली माय

अरे बाळा,

तुझी ऊसतोडीवरची गोष्ट वाचली. एकदा बसमध्ये आणि एकदा घरी चष्मा लावून. पण पुढच्या वेळी प्रिंट काढून दे बाबा, मोबाईलवर चौदा पानं वाचून डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते गोष्टीमुळे नाही, स्क्रीनमुळे.

आधी चांगलं सांगते. फड मस्त आलाय. उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, पहाटेची थंडी, मोळी बांधताना पात्याने चिरलेली बोटं, हे तू बघून लिहिलंयस ते कळतं, पुण्यात खोलीवर बसून असं लिहिता येत नाही. मुकादमाच्या तोंडची भाषा तर एकदम खरी.

पण ती माय.

मी काय केलं माहितीये, वही घेतली आणि मायच्या वाट्याला आलेली सगळी क्रियापदं उतरवून काढली. सोसलं, गिळलं, पुसलं, थांबली, बघत राहिली, डोळे मिटले. मग बापाची काढली. म्हणाला, ठरवलं, घेतलं, मारलं, विकलं, निघाला. आता तूच बघ, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई आहे ती, दिवसभर तिचे हात थांबत नाहीत, आणि तुझ्या चौदा पानांत ती नुसती बघत राहते? आणि तिचं नाव काय रे? मी शोधलं. मुकादमाला नाव आहे, बैलांना पण नावं आहेत, तिला नाही.

तू म्हणशील मॅडम, मला तिच्याबद्दल आदर आहे म्हणून तर लिहिलं. माहितीये मला. सगळा घोटाळा त्या आदराचाच आहे, आपल्याकडे बाईला एकतर देव्हाऱ्यात बसवतात नाहीतर चव्हाट्यावर आणतात, आणि दोन्हीकडे तिला बोलायचं काम नसतं. हे मी शोधून काढलेलं नाही. १८८२ साली ताराबाई शिंदेंनी 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं, बुलढाण्याची बाई, शाळा-कॉलेजचं नाव नाही. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला लोकलाजेपायी मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली (पुढे ती बदलली), आणि मग पेपरवाल्यांना समस्त बायकांच्या चालीवर लिहायला ऊत आला. त्याचा संताप येऊन हे पुस्तक झालं. तिचा मुद्दा साधा होता, जे जे अवगुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का. पण तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. ती नुसती समाजाशी भांडत नाही, ती लिहिणाऱ्यांशी भांडते, पोथ्या-पुराणांतल्या बायका आणि तिच्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायका पुढ्यात घेऊन विचारते की हे असलं कुठे असतं का! म्हणजे मराठीतली स्त्रीवादी समीक्षा असं जे आम्ही परीक्षेला भारदस्तपणे विचारायचो ते या बाईने घरात बसून करून ठेवलं होतं. झालं काय? टीका झाली, जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली, पण पुढे पुस्तक विसरून गेलं ते १९७५ मध्ये स. गं. मालशांनी पुन्हा छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं. मी स्वतः एम.ए. झाले तोवर हे नाव वर्गात एकदाही ऐकलं नव्हतं, बोल आता.

पुरुषाने बाईबद्दल लिहू नये असं मी म्हणत नाहीये हां, तो अर्थ काढू नकोस. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' लिहिली, 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, आणि अख्खी गोष्ट यमूच्या तोंडून, 'मी' म्हणून. ती तू एकदा वाच पण रडायला नको वाचू. यमूचं केशवपन होतं तो भाग सगळे सांगतात, तू त्याच्या आधीची पानं बघ, माहेरी भावाबरोबरचं बोलणं, सासरच्या बायकांची टोमणेबाजी, कोण कोणाला काय म्हणालं, कोणत्या खोलीत म्हणालं. यमू बघते, ताडते, मनात हसते पण. म्हणून पुढे तिच्यावर जे येतं ते आपल्या अंगावर येतं. तुझ्या मायवर पहिल्या पानापासून दुःखच ओतलंयस, चौथ्या पानाला वाचणारा निर्ढावतो.

आता माझी फजिती ऐक. तेविसाव्या वर्षी माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली. नायिका नवऱ्याच्या छळाला कंटाळून विहीर जवळ करते, शेवटी पाण्यावर चंद्र बिंद्र. मला वाटलं काय भारी लिहिलंय. आईला वाचून दाखवली, ती चौथी पास. सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "ती सकाळी गेली का संध्याकाळी? मग गुरांना पाणी कोणी दाखवलं?" मी चिडले. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. कितीतरी वर्षांनी डोक्यात उजेड पडला की तिला मरणाऱ्या बाईचा दिवस माहिती होता आणि मला नव्हता, मला फक्त विहीर माहिती होती.

आणि बायका बोलतच नाहीत असं जे तू लिहिलंयस ना, "युगानुयुगे मूक" वगैरे, ते वाक्य कृपा करून काढ. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या त्या लाखाच्या वर भरल्या. मूक कसल्या. ऐकायला पहाटे कोणी उठलं नाही.

बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचलंयस का? फलटणला छोटंसं दुकान, तिथे बसून लिहायच्या, आणि घरात कोणाला दिसू नये म्हणून वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. पुस्तक आलं १९८६ ला. त्यात वरच्या जातींनी काय केलं ते आहेच, पण आपल्याच वस्तीतल्या सुनांचे काय हाल व्हायचे ते पण न लपवता लिहिलंय. त्यांना स्वतःला नवरा मारायचा हे मात्र पुस्तकात नाही, ते पुढे मुलाखतीत सांगितलं. याचा विचार कर. एवढी धीट बाई, सगळ्यांचं लिहिते, आणि स्वतःचं तेवढं मागे ठेवते. मला हे सुटत नाही, अजून सुटलेलं नाही. पण फडावर जाणारी तुझी मावशी तुला पहिल्या दिवशीच सगळं सांगेल असं समजून तिच्यासमोर वही उघडून बसू नकोस एवढं कळतं.

आणि आता फडाचंच बोलू. तुझ्या हाताशी केवढा मोठा शब्द होता आणि तू तो नुसता वापरून पुढे गेलास, कोयता! नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादम देतो नवऱ्याच्या हातात, राबायचं दोघांनी, हिशेबात बाईचं वेगळं नाव नाही. बघ म्हणजे, नाव फक्त तूच खाल्लं नाहीस, मुकादमाच्या वहीनेही खाल्लंय. आणि खाडा पडला की पैसे कापतात, मग पाळी असो की ताप. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तुझ्या गोष्टीत मायचं पोट दुखतं असं दोनदा येतं आणि तू "नियतीचा खेळ" म्हणून सोडून देतोस. नियती कसली रे त्यात? डॉक्टर आहे, कर्ज आहे, खाड्याचा हिशेब आहे. तो हिशेब घाल गोष्टीत. आकडे भरून रिपोर्ट नको करू, ती स्वतः बोटांवर मोजतेय असं दाखव, किती दिवस झोपून राहिलं तर किती उचल फिटायची राहील.

मला विचारशील तर एकच प्रसंग नव्याने लिही, बाकी आत्ता राहू दे. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायचा. गावातले लोक चाऱ्यासाठी संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या घ्यायला येतात, रोख पैसे येतात. ते कोणाच्या हातात जातात? माय भाव करते का? त्यातले दहा-वीस ती कुठे खोचते, आणि बापाला ते माहिती असून तो गप्प बसतो का? मला यातलं काहीच माहिती नाही, तुझ्या मावशीला असणार. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात, त्याच्या आत जाऊन ये. मोबाईल रेकॉर्डिंगला लावू नकोस, भाकरी थापताना बस जवळ नुसता, आणि तिला नावाने कोण कोण हाक मारतं ते ऐक. आत्ता गाठलं नाहीस तर मग मार्च-एप्रिलपर्यंत गोष्ट तशीच पडून राहील.

तुझी,
मॅडम

ता. क. बैलांची नावं बदलू नकोस, ती छान आहेत.