जालन्याकडच्या शेतात 50 फूट लांब, 5 फूट उंच आणि 9 इंच जाडीच्या कंपाउंड भिंतीला, 10 फुटांचे गेट ठेवून, विटा, सिमेंट, वाळू किती लागेल?

आपण 10 फुटांचे गेट ठेवणार आहात, म्हणून ते वजा करून 40 गुणिले 5, म्हणजे 200 चौरस फूट भिंत उरते. 9 इंच म्हणजे पाऊण फूट, तेव्हा बांधकाम 150 घनफूट होईल.

आपल्याकडच्या भट्टीची वीट साधारण 9×4×3 इंच धरली, तर सांध्यातला माल जमेस धरून एका घनफुटाला सुमारे 12.3 विटा बसतात. एकूण 1,845 होतात, फूटतूट धरून 1,950 मागवाव्यात. मात्र प्रत्येक भट्टीचा साचा निराळा असतो, म्हणून सौदा करण्यापूर्वी 10 विटा ओळीने मांडून टेपने मोजाव्यात, कारण प्रत्येक विटेच्या रुंदीत किंवा जाडीत पाव इंचाची कसर निघाली तरी शंभराहून अधिक विटा कमी पडतात.

1:6 प्रमाणाला (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सिमेंटच्या 6 ते 7 गोण्या आणि अर्धा ब्रास, म्हणजे 50 घनफूट वाळू पुरेल. ओली वाळू फुगते आणि तिच्यात पाव हिस्सा नुसता फुगवटाही असू शकतो, त्यामुळे ट्रॅक्टरचे माप बघताना ती ओली आहे की कोरडी, हे आधी पाहावे.

गिलावा आणि पाया यात धरलेला नाही. काळ्या मातीत पाया किती खोल घ्यायचा, हे खड्डा खणून मुरूम कुठे लागतो ते पाहिल्याशिवाय ठरवू नये. पायाच्या दगडाचा हिशेब त्यानंतरच करावा.