वाचकांचे प्रश्न : टॅग खरा, साडी कुणाची?

मोबाइल टेकवला की माल अस्सल आहे का ते सांगणाऱ्या एनएफसी (अगदी जवळून चालणारा बिनतारी संपर्क) टॅगबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली, कारण पैसे वाया जातात ते तिथेच.

प्रश्न : येवल्यात आमची पैठणीची पेढी आहे. प्रत्येक साडीला एनएफसी स्टिकर लावतो. मोबाइल टेकवला की आमच्या वेबसाइटवर त्या साडीचं पान उघडतं. आता यंत्रमागाच्या साडीवरही तसाच स्टिकर दिसला आणि पानही आमचंच उघडलं. हे कसं झालं? (एक वाचक, येवला)

तुमचा स्टिकर बहुधा एनटॅग २१३ किंवा तसाच साधा असणार. त्याच्या १४४ बाइटांच्या जागेत एक लिंक लिहिलेली असते आणि ती कुणालाही वाचता येते. फुकटच्या अ‍ॅपने ती वाचायची, कोऱ्या स्टिकरवर लिहायची, झालं काम. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. ‘आम्ही टॅग लॉक करून दिलेत’ असं विक्रेता सांगेल. लॉकमुळे तुमच्या टॅगवर दुसऱ्याला लिहिता येत नाही इतकंच. वाचायला आणि दुसरीकडे उतरवायला त्याची काहीच आडकाठी नाही.

चिपचा ७ बाइटांचा कारखान्याचा क्रमांक तपासावा, असंही सुचवलं जातं. पण हवा तो क्रमांक घालता येईल अशा चिपा बाजारात सर्रास मिळतात.

तुम्हाला दर वाचनाला नवी लिंक देणारी चिप हवी. एनटॅग ४२४ डीएनए ही त्यातली सगळ्यांत प्रचलित. तिच्या पोटात १२८ बिटांच्या एईएस चाव्या (मजकूर कुलूपबंद करायला आणि सही करायला लागणारे गुप्त आकडे) असतात आणि त्या बाहेर वाचता येत नाहीत. मोबाइल टेकवला की चिप आपला वाचन-आकडा एकाने वाढवते आणि लिंकच्या शेवटी दोन तुकडे जोडते : ३२ अक्षरांचा कुलूपबंद मजकूर (त्यात चिपचा क्रमांक आणि आकडा) आणि १६ अक्षरांची सही. सही बरोबर आहे का, हे तुमचा सर्व्हर पाहतो. एखाद्याने ती लिंक शंभर स्टिकरांवर उतरवली, तरी आकडा जुनाच राहतो आणि सर्व्हर ती नाकारतो. म्हणजे तसं तुम्ही सर्व्हरला सांगितलं असेल तर. नुसती सही तपासून ‘अस्सल’ म्हणणारे सर्व्हर कमी नाहीत, आणि तिथे एवढी महाग चिपही साध्या स्टिकरच्या लायकीची ठरते.

आता साडीचं. टॅग फक्त स्वतःची ओळख पटवतो, साडीची नाही. दोऱ्याने लोंबणारा टॅग कात्रीने कापून दुसऱ्या साडीला बांधला की ती साडी ‘अस्सल’. म्हणून तो आतल्या टोकाला, कमरेत खोचल्या जाणाऱ्या भागात, उसवल्याशिवाय निघणार नाही असा शिवून टाका. पदर आणि काठ टाळा. जरीत धातू असतो, आणि दाट जरीला चिकटलेल्या टॅगचं वाचन-अंतर घटतं, कधी तो अजिबात लागत नाही. साधा कागदी किंवा पीईटी प्लास्टिकचा स्टिकर इस्त्री आणि ड्रायक्लीनिंगमध्ये टिकत नाही. कपड्यासाठीचा लॉन्ड्री टॅग मागा, आणि पाच-दहा नमुने एका साडीवर इस्त्री करून, घड्या घालून बघितल्याशिवाय हजारोंची ऑर्डर देऊ नका.

प्रश्न : याच चिपसाठी सर्व्हर लिहितोय. सही कधीच जुळत नाही आणि आकडा १ च्या जागी ६५,५३६ येतो. चाव्या कशा ठेवाव्यात? (एक प्रोग्रामर, पुणे)

आकड्याचं आधी, ते सोपं आहे. कुलूपबंद तुकडा उघडला की १६ बाइट मिळतात : १ बाइट खुणेचा, ७ चिपच्या क्रमांकाचे, ३ आकड्याचे, उरलेले ५ नुसती जागा भरणारे. आकड्याचे तीन बाइट उलट क्रमाने असतात, सगळ्यांत लहान बाइट आधी. तुम्ही ते सरळ वाचताय.

सहीची गोष्ट थोडी फसवी आहे. सीमॅकचे (सही काढण्याच्या पद्धतीचे) १६ बाइट येतात, त्यांतले पहिले ८ घ्यायचे नसतात. एकाआड एक घ्यायचे : दुसरा, चौथा, असे सोळाव्यापर्यंत. शिवाय ही सही मूळ चावीने थेट होत नाही. आधी त्या चावीतून, चिपचा क्रमांक आणि आकडा घालून, त्या वाचनापुरती चावी काढायची आणि मग सही. इथे आकडा चिपकडून आला तसाच, उलट क्रमातच वापरायचा. पडद्यावर दाखवण्यासाठी सरळ केलेला आकडा इथे घातला की सही जुळायची नाही.

चाव्यांबाबत एक नियम पाळा : सहीची चावी प्रत्येक टॅगला वेगळी. मुख्य चावी आणि चिपचा क्रमांक यांपासून ती काढता येते, साठवून ठेवावी लागत नाही. कुलुपाची चावी मात्र सगळ्या टॅगना एकच ठेवावी लागते, कारण तुकडा उघडेपर्यंत समोर कोणती चिप आहे हेच सर्व्हरला कळत नाही. ती बाहेर फुटून कुणाला कळली तर क्रमांक उघडे पडतील, पण खोटी सही करता येणार नाही.

टॅग भरताना आधी लिंक लिहा, मग तुकड्यांच्या जागा ठरवा. लिंकमधलं एक अक्षर नंतर वाढवलंत तर तुकडा चुकीच्या जागी पडतो. मग १ ते ४ क्रमांकांच्या चाव्या बदला आणि ० क्रमांकाची सर्वांत शेवटी, कारण बाकी सगळ्या बदलांना तीच लागते. कारखान्यातून येताना पाचही चाव्या निव्वळ शून्यांच्या असतात. त्या तशाच सोडलेले टॅग बाजारात जातात आणि मग कुणीही त्यांचा मालक होऊ शकतो. लिंक असलेल्या फाइलवर लिहिण्याची मुभाही सुरुवातीला सगळ्यांना असते, ती ० च्या चावीला बांधा. आणि ही ० ची चावी हरवली, तर त्या टॅगची मांडणी पुन्हा बदलता येत नाही.

एक फट यातही उरते. अस्सल टॅग हातात असलेला माणूस तो वीसदा वाचून, सर्व्हरला न पाठवता, वीस नव्या लिंका साठवून ठेवू शकतो. मूळ टॅग त्यापुढे कुणी वाचला नाही, तर त्यांतली प्रत्येक एकदा चालून जाईल. म्हणून आकड्यांतल्या मोठ्या उड्या नोंदवून ठेवा.

प्रश्न : दुबईहून भावाने महागडी बॅग आणली. टॅगला मोबाइल लावला तर काहीच होत नाही. नकली समजायची का? (एक वाचक, ठाणे)

घाई नको. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून एनएफसी चालू करा, स्क्रीन अनलॉक ठेवा आणि पाठीचा मधला किंवा कॅमेऱ्याजवळचा भाग टॅगवर टेकवा. आयफोनची वरची कड टेकवावी लागते. एक्सएस, एक्सआर आणि त्यानंतरचे आयफोन अ‍ॅपशिवाय वाचतात. धातूचं किंवा चुंबकाचं कव्हर काढा. पल्ला दोन-चार सेंटिमीटरचाच आहे, तेव्हा मोबाइल हलवत न राहता एका जागी दोन सेकंद धरा.

पान उघडलं तर आधी वर पत्ता वाचा, मग हिरवी खूण. नक्कल करणारा स्वतःचीच वेबसाइट काढतो, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करतो आणि त्यावर ‘अस्सल’ची खूण झळकवतो. शंका असेल तर तोच टॅग दोनदा वाचा. पत्त्याची शेपटी दोन्ही वेळा तीच राहिली तर तो साधा टॅग आहे, मग पडद्यावर काहीही लिहिलेलं असो.

प्रश्न : वाइनच्या बाटलीवर टॅग लावायचा आहे. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरल्या जाण्याची भीती वाटते. (एक वाचक, नाशिक)

वरच्या एनटॅग ४२४ डीएनए चिपचाच टॅग-टॅम्पर प्रकार घ्या. त्यात एक बारीक तार बुचावरून फिरवलेली असते. ती तुटली की चिप ते कायमचं लक्षात ठेवते आणि पुढच्या लिंकमध्ये सांगते. बाटलीच्या तोंडावरच्या धातूच्या टोपणावर टॅगचा अँटेना चिकटवू नका, तो वाचलाच जाणार नाही. अँटेना काचेवर घ्या, नाहीतर धातूचा अडथळा थोपवणारा फेराइटचा थर असलेला टॅग घ्या. तार बुचाच्या नुसत्या कडेने नेली, तर मधून सुई घालून वाइन काढता येते. ती मध्यावरून जाऊ द्या.

प्रश्न : औषधांच्या खोक्यांवर क्यूआर कोड असताना हे महाग टॅग कशाला? (एक वाचक, सोलापूर)

१ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० औषध-ब्रँडना क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यातून औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत कळते. पाकिटावरच्या बारीक छपाईपेक्षा ते वाचायला सोपं, आणि छापायला जवळपास फुकट. पण छापलेला कोड छापूनच उतरवता येतो. वीस रुपयांच्या गोळ्यांच्या पट्टीवर चिप लावणं कुणालाच परवडणार नाही. तिथे क्यूआरच ठेवा, फक्त स्कॅन करून दिसलेला बॅच क्रमांक आणि मुदत पट्टीवरच्या छापाशी ताडून बघा.