सशक्तिकरण की सशक्तीकरण? आणि ‘लैंगिक’ का नको

प्रश्न: इंदूरच्या एका महिला मंडळाने ८ मार्चच्या फलकासाठी ‘महिला सशक्तिकरण व लैंगिक समानता’ असा मजकूर केला आहे. तरुण मुलींना तो बरोबर वाटतो, मंडळातल्या ज्येष्ठ बाईंना दोन्ही शब्द खटकतात. कोणाचं बरोबर?

उत्तर: ज्येष्ठ बाईंचं, दोन्ही ठिकाणी.

आधी ऱ्हस्व-दीर्घ. ‘सशक्तिकरण’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘शक्ति + करण’ अशी फोड असते. ‘शक्ती’ एकटा आला की दीर्घ आणि समासात आधी आला की ऱ्हस्व (शक्तिशाली), हा मराठी नियम पक्का असलेला माणूस तर इथे हमखास फसतो. कारण या शब्दात ‘शक्ती’ नाहीच, ‘सशक्त’ हे विशेषण आहे. जे तसं नव्हतं ते तसं करणं, या अर्थी संस्कृतात ‘च्वि’ प्रत्यय लागतो. तो स्वतः दिसत नाही, पण जाताना शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ करून जातो: एक–एकीकरण, सबल–सबलीकरण. शेवटी ‘उ’ असला तर तो दीर्घ होतो: लघु–लघूकरण. ‘शुद्धिपत्र’ आणि ‘शुद्धीकरण’ शेजारी लिहून पाहा. पहिल्यात ‘शुद्धी’ हे नाम आहे, दुसऱ्यात ‘शुद्ध’ हे विशेषण. हिंदीतही व्याकरणाने ‘सशक्तीकरण’च हवं, तिथे चूक रुळली आहे, इतकंच.

पण दीर्घ केला तरी हा शब्द मराठी कानाला थोडा तब्येतीचा लागतो. बाळ सशक्त असतं, आजारातून उठलेला माणूस अशक्त. ‘सबलीकरण’मागे ‘अबला’ डोकावते. म्हणून ‘सक्षमीकरण’ बरं. ‘सक्षमीकरण करणे’ मात्र नको, त्यात करणं आधीच आलेलं आहे. गंमत म्हणजे केंद्राच्या एका मंत्रालयाचं हिंदी नाव ‘सामाजिक न्याय और अधिकारिता’ असं आहे. तिथे एम्पॉवरमेंटसाठी बळ नव्हे, अधिकार घेतला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास ध्येयांपैकी ५वं याच विषयाचं आहे, आणि त्यात जमिनीची मालकी, वारसा अशा हक्कांचीही भाषा आहे. ते पाहता अधिकाराचा शब्द जास्त नेमका. मराठीत तो रुळला नाही.

आता ‘लैंगिक’. हिंदीत ‘लैंगिक समानता’ सर्रास चालतं. मराठीत लैंगिक म्हटलं की लैंगिक शिक्षण, लैंगिक छळ, म्हणजे शरीरसंबंधाचा अर्थ आधी येतो. सेक्ससाठी ‘लिंग’ आणि जेंडरसाठी ‘लिंगभाव’ अशी वाटणी मराठी अभ्यासकांनी केली आहे, आणि ती उपयोगी आहे. त्याच ५व्या ध्येयात घरातल्या बिनपगारी कामाची दखल घ्या, असं एक लक्ष्य (५.४) आहे. मूल बाईच्याच पोटी येतं, हे लिंग. पोळ्या तिनेच लाटायच्या, हा लिंगभाव. फलकावर साधं ‘स्त्री-पुरुष समानता’ पुरे. कार्यक्रमात तृतीयपंथीयांचाही विषय असेल तर ते अपुरं पडेल, तेव्हा ‘लिंगभाव समानता’ लिहा.

(समता की समानता, हेही कोणी विचारेलच. संविधानाच्या उद्देशिकेच्या हिंदी पाठात ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’ आहे, मराठीत ‘दर्जाची व संधीची समानता’. दोन्ही चालतात.)

तेव्हा मजकूर: ‘महिला सक्षमीकरण व स्त्री-पुरुष समानता’. ‘सशक्तीकरण’च ठेवायचं ठरलं तर फ्लेक्सवाल्याला कच्च्या प्रतीवर ‘क्ती दीर्घ’ असं लिहून द्या. नाहीतर तो सवयीने ‘सुधारून’ ऱ्हस्व करेल.