अडतीस टॉर्पेडो आणि एक प्लॅस्टर

प्रश्न : ताई, तुम्ही मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी (एका सीनमधलं दुसऱ्या सीनशी जुळावं म्हणून ठेवलेली नोंद) लिहायचात असं मागे वाचलं होतं, म्हणून विचारते. आमच्याकडे सध्या रात्री जेवणं झाली की ‘स्टार ट्रेक : व्हॉएजर’ ही अवकाशातली मालिका लागते. चौदा वर्षांचा लेक अगदी रंगून बघतो आणि नवरा दर पाच मिनिटांनी पॉज करून खुसपट काढतो. परवा टॉर्पेडोंवरून दोघांचं इतकं वाजलं की मुलगा उठूनच गेला. ह्यांना कसं आवरू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टॉर्पेडोंपुरतं तरी आवरू नका, कारण तिथे तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. व्हॉएजर हे जहाज घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय. जवळ फोटॉन टॉर्पेडो, म्हणजे शत्रूवर सोडायची अस्त्रं, ३८, आणि संपले की नवे मिळायची सोय नाही. हे पहिल्याच सीझनमध्ये पात्रं स्वतःच्या तोंडाने सांगतात. मालिका चालली सात सीझन, १९९५ ते २००१. चाहते बोटं मोजत बसले, आणि सोडलेल्या टॉर्पेडोंचा आकडा ३८ च्या पार पुढे गेला. जी शटलयानं, म्हणजे जहाजावरची छोटी यानं, फुटली, तीही पुन्हा हजर!

‘स्टार ट्रेक’मध्ये माणूस एका क्षणात इथून विरघळून तिथे उभा राहतो, हे आपण मुकाट गिळतो. (मुळात १९६०च्या दशकातल्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत दर भागात जहाज ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे पुरत नव्हते, म्हणून ती युक्ती निघाली.) ते गिळतो, कारण तो खेळाचा नियम आहे आणि सुरुवातीलाच सांगितलेला आहे. अडतीस हा आकडा मात्र लेखकांनी आपणहून दिला. सासूबाईंनी डब्यात मोजून बारा लाडू ठेवले आणि पाहुण्यांनी पंधरा खाल्ले, तर घरात चौकशी होणारच ना?

आता माझं पाप सांगते. एका कौटुंबिक मालिकेत सुनेचा हात मोडला होता. घरातले सीन आधी उरकले, कारण बंगला तीनच दिवस मिळाला होता. हॉस्पिटलचे सीन आठवड्याने झाले. रजिस्टरमध्ये माझी नोंद : ‘हाताला प्लॅस्टर, निळी साडी, केस मोकळे.’ कोणता हात, ते लिहायचं राहिलं. हॉस्पिटलात प्लॅस्टर उजव्या हाताला, घरी आल्यावर डाव्या. भाग दाखवला गेला आणि पंधरवड्यात एका आजींचं आंतरदेशीय पत्र आलं : ‘हाड चालत चालत गेलं का?’ दिग्दर्शकाने ते मेकअपरूमच्या आरशाला चिकटवलं. महिनाभर रोज माझ्या नजरेसमोर! राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या आजींइतकं लक्ष देऊन तो भाग आमच्यापैकी कुणीही बघितला नव्हता.

खुसपटं काढणारे चाहते म्हणजे ह्या आजींचेच नातलग. पूर्वी भाग एकदा लागला की गेला. त्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’च्या सुरुवातीच्या एका भागात, १९६६ साली, थडग्याच्या दगडावर कॅप्टनचं नाव ‘जेम्स आर. कर्क’ कोरलेलं दिसतं. पुढे तो कायमचा जेम्स टी. झाला. तो भाग पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, म्हणून आधीच शूट झालेला, नाव तेव्हा पक्कं नव्हतं. पडद्यावर क्षणभर दिसणारं ते अक्षर कुणी लक्षात ठेवेल असं कुणाला वाटणार? मग व्हीसीआर आला, पॉजचं बटण आलं, आणि आम्हा कंटिन्युइटीवाल्यांची झोप उडाली.

पण यजमानांना एक घरगुती नियम घाला : जो खुसपट काढेल त्याने ते बुजवूनही दाखवायचं. नमुना देते. ‘स्टार ट्रेक’च्या १९८२च्या चित्रपटात खलनायक खान जहाजावरच्या चेकॉव्ह नावाच्या अधिकाऱ्याला बघताक्षणी ओळखतो. जुन्या मालिकेतला खानचा मूळ भाग १९६७च्या फेब्रुवारीतला, आणि चेकॉव्ह मालिकेत आला त्यानंतरच्या सीझनला. मग ओळख कुठली? काही चाहत्यांनी भागांमधल्या स्टारडेट, म्हणजे मालिकेतल्या काल्पनिक तारखा, ताडून पाहिल्या. चेकॉव्हच्या एका भागाची ३०१८.२, खानच्या भागाची ३१४१.९. म्हणजे गडी आधीपासूनच जहाजावर होता, आपल्याला दिसला नाही इतकंच! चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोनिग यांचं स्पष्टीकरण याहून भारी : चेकॉव्ह बाथरूम अडवून बसला होता आणि खान बाहेर ताटकळत होता, तो चेहरा कसा विसरेल?

बुजवण्याचाही अतिरेक होतो, बरं का. जुन्या मालिकेत क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची कपाळं सपाट होती. १९७९च्या चित्रपटापासून त्यांवर हाडांचे उंचवटे आले, कारण मेकअपला पैसे आले. १९९६च्या एका भागात वर्फ नावाच्या क्लिंगॉनला सहकारी हेच विचारतात. तो एवढंच म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही. तिथेच थांबायचं होतं! २००५ मध्ये दोन भाग खर्ची घालून विषाणूचं कारण दिलं. मला विचाराल तर वर्फचं ते एक वाक्य त्या दोन भागांना भारी आहे.

तेव्हा आज रात्री टॉर्पेडोंचा हिशेब लेकाकडे द्या. वाटेत कुठे बनवले, कुणाशी सौदा केला, काय ते त्याला रचू दे, आणि खुसपटं यजमानांना काढू दे. पॉज मात्र भाग संपल्यावरच. रिमोट तुमच्या मांडीवर.

प्रश्न : अवकाशात हवा नाही, तर स्फोटाचा आवाज कसा येतो? – इयत्ता नववी, सांगली

उत्तर : येत नाही. ‘फायरफ्लाय’ या २००२च्या मालिकेत अवकाशातली दृश्यं मुद्दाम मूक ठेवली होती, जमल्यास बघ. बाकीचे आवाज घालतात, कारण मोठा स्फोट अगदी गप्प झाला तर निम्म्या घरांत लोक उठून टीव्हीची वायर हलवून बघतील. पुढच्या वेळी हे बघ : दोन अनोळखी जहाजं अवकाशात समोरासमोर येतात, तेव्हा दोन्हींचं छत एकाच बाजूला का असतं? उत्तर सुचलं तर कळव.